भाडं थकलं म्हणून घर जावं का? जॅन ओसलिव्हन यांचं आयरिश संसदेतलं काम

लेखिका: शॅननकाठ

इथे आयर्लंडमधल्या घरभाड्यांवर मध्यंतरी बरीच जुंपली होती. पण सगळी चर्चा भाडं किती वाढलं, डिपॉझिट किती मागतात आणि घर बघायला रांग किती लांब असते याभोवतीच फिरत राहिली. भाडं थकलं तर पुढे काय, हे कुणी विचारलंच नाही. आपल्यातले बहुतेक जण नोकरीच्या परवान्यावर आलेले, पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात, त्यामुळे आपल्या घरात तो विषय निघत नाही. मी लिमरिकला राहते आणि इथे तो विषय रोज निघणारी घरं दोन गल्ल्या सोडून आहेत. म्हणून हा धागा, आणि तो एका राजकारणी बाईंच्या निमित्ताने. भाड्याच्या थकबाकीवर स्वतः कायदा करायचा आणि मग त्याच कायद्याची बरीवाईट फळं विरोधी बाकांवर बसून बघायची, हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

बाईंचं नाव जॅन ओसलिव्हन, पक्ष लेबर. १९९३-९४ मध्ये त्या लिमरिकच्या महापौर होत्या. जिम केमी हे इथले लाडके टीडी, मूळचे गवंडी, १९९७ मध्ये वारले. त्यांच्या जागेवर मार्च १९९८ च्या पोटनिवडणुकीत जॅनबाई निवडून आल्या आणि २०२० पर्यंत डॉलमध्ये होत्या. (डॉल म्हणजे इथली लोकसभा, टीडी म्हणजे तिचा सदस्य.) डिसेंबर २०११ ते जुलै २०१४ त्या गृहनिर्माण राज्यमंत्री होत्या, पुढे शिक्षणमंत्री. मला बोलायचंय ते त्या पहिल्या अडीच वर्षांबद्दल आणि मग २०१७ बद्दल.

आधी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरांचं गणित समजून घेऊ, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते चमत्कारिक वाटतं. कौन्सिलच्या घराचं भाडं घरावर ठरत नाही, घरातल्या मिळकतीवर ठरतं. मिळकत वाढली की भाडं वाढतं, घटली की उतरतं. ऐकायला छान आहे. पण समजा घरातल्या मुलाला सुपरमार्केटात काम लागलं. त्याचा पगारही हिशेबात धरायचा असतो. आईने ते कौन्सिलला कळवलं नाही, किंवा फॉर्म टेबलावरच राहिला, आणि वर्षभराने फेरतपासणीत ते उघडकीला आलं, तर मागच्या तारखेपासून फरक लावतात. ज्या बाईने आठवड्याच्या आठवड्याला भाडं भरलंय तिच्या नावावर एके सकाळी शेकड्यांनी युरो थकबाकी निघते. थकबाकीदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाडं बुडवणारा येतो, आणि प्रत्यक्षात कागदपत्रांत अडकलेली बाई निघते. बुडवणारेही असतात, नाही कोण म्हणतंय. पण कायद्याला दोघांत फरक करता यायला हवा.

तो करता येत नव्हता. १९६६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये ६२ नंबरचं कलम होतं. कौन्सिलने घर सोडायची नोटीस दिली, मुदत संपली, भाडेकरूने ताबा दिला नाही, एवढं कागदावर दिसलं की डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशाला ताब्याचं वॉरंट काढावंच लागे. का थकलं, घरात कोण आहे, मूल आजारी आहे का, कौन्सिलचा हिशेब तरी बरोबर आहे का, यातलं काहीही विचारायची सोय नव्हती. न्यायाधीशाचा शिक्काच फक्त. डब्लिन सिटी कौन्सिलविरुद्धच्या एका प्रकरणात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कलम युरोपीय मानवी हक्क करारातल्या ८ व्या कलमाशी, म्हणजे घर आणि कुटुंब यांच्या हक्काशी, विसंगत आहे. ते प्रकरण थकबाकीचं नव्हतं, घरातल्या मुलावरच्या आरोपांचं होतं. पण हत्यार एकच, थकबाकीवाल्यांवरही तेच चालायचं.

जॅनबाईंच्या कारकिर्दीत त्याची दुरुस्ती २०१४ च्या कायद्यात आली. आता थकबाकी झाली की कौन्सिलला आधी लेखी ताकीद द्यावी लागते, तीत रक्कम आणि फेडीची व्यवस्था लिहावी लागते, आणि भाडेकरूला त्या ताकिदीची फेरतपासणी मागता येते. त्यानंतरच कोर्ट. आणि कोर्टात न्यायाधीश विचारतो की कौन्सिलने काय काय करून बघितलं, आणि घर काढून घेणं या परिस्थितीत रास्त आहे का. वर्तमानपत्रात याचा मथळा होत नाही. मला मात्र हे त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम वाटतं.

त्याच कायद्यात दुसरी गोष्टही होती, ती म्हणजे हाउसिंग असिस्टन्स पेमेंट, सगळे ‘हॅप’ म्हणतात. आणि इथे माझं आणि बाईंचं जमत नाही. हॅपमध्ये तुम्ही खाजगी घर शोधायचं, भाडं कौन्सिल मालकाला देते, आणि तुम्ही कौन्सिलला मिळकतीप्रमाणे हिस्सा भरायचा. जुन्या रेंट सप्लिमेंटमध्ये आठवड्याला ३० तास किंवा त्याहून जास्त काम केलं की मदत बंद व्हायची, म्हणून लोक कामच नको म्हणायचे. हॅपमध्ये पूर्णवेळ नोकरी करता येते. हा बाईंचा मुख्य मुद्दा होता आणि तो खरा होता. सुरुवातही लिमरिकपासूनच झाली, आजही देशभरातल्या हॅपच्या पैशांचा व्यवहार लिमरिकच्या कौन्सिलमधूनच चालतो.

गोम अशी की हॅप मिळालं की कागदोपत्री तुमची घराची गरज ‘भागली’. मूळ प्रतीक्षायादीतून नाव जातं, फार तर बदलीच्या यादीत लागतं. आणि घर मात्र खाजगी मालकाचं. तुमचा कौन्सिलकडचा हिस्सा थकला तर कौन्सिल मालकाचं भाडं बंद करू शकते. मग मालकाकडे थकबाकी सुरू, आणि मालकाला लागू होतो तो खाजगी भाडेकराराचा कायदा. म्हणजे एका हाताने कौन्सिलच्या भाडेकरूला न्यायाधीशासमोर उभं राहायची जागा दिली, आणि दुसऱ्या हाताने हजारो कुटुंबं ती जागा नसलेल्या बाजारात पाठवली.

२०१७ मध्ये बाई विरोधी बाकांवर होत्या. तेव्हा त्यांनी बेघर कुटुंबांसाठी खाजगी विधेयक मांडलं. १९८८ च्या हाउसिंग अ‍ॅक्टने कौन्सिलला बेघरांची सोय करण्याचा अधिकार दिलाय, सक्ती केलेली नाही, आणि त्यात कुटुंब असं वेगळं धरलेलंच नाही. लहान मुलं असलेलं कुटुंब दाराशी आलं तर त्याला कुटुंब म्हणून ओळखा, मुलांचं हित बघा आणि तशी जागा द्या, असं विधेयकाचं सार. त्याचा कायदा झाला नाही. जानेवारी २०२० मध्ये डॉल बरखास्त झाली, फेब्रुवारीच्या निवडणुकीत बाईही पडल्या.

डब्लिन, कॉर्क, गॉल्वेकडचे लोक काय म्हणतात ते वाचायला आवडेल. पागडी, लिव्ह अँड लायसन्स वगैरे कृपया इथे नको, त्यावर इतके धागे आहेत की तेच एक वेगळं संस्थान झालंय.

प्रतिसाद: लुकनवासी

वाचनखूण साठवली. हॅपच्या आकड्यांची भर घालतो, कारण आकडे बघितल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही.

डब्लिनमध्ये आईवडील आणि दोन मुलं असतील तर हॅपची महिन्याची मर्यादा २०१६ मध्ये १,२७५ युरो ठरली. ती पुढे वर्षानुवर्षं तिथेच. कौन्सिलला वाटलं तर २० टक्के वर देता यायचे, जुलै २०२२ पासून ३५ टक्के. म्हणजे फार ताणलं तरी १,७२१. आता २०२३ मध्ये डब्लिनमधल्या नव्या भाडेकरारांचं सरासरी भाडं २,००० च्या वर गेलं होतं. २,००० चं घर मिळालं असं धरा, तरी पावणेतीनशेहून जास्तीचा खड्डा उरतो. तो भाडेकरू थेट मालकाला भरतो, त्याला इथे टॉप-अप म्हणतात. शिवाय कौन्सिलकडचा हिस्सा वेगळा. म्हणजे एकाच घराचं भाडं दोन ठिकाणी भरायचं आणि दोन्हीकडे थकायची भीती.

प्रतिसाद: तिरकस

म्हणजे बाईंनीच खड्डा खणला आणि नंतर त्यात पडलेल्यांसाठी विधेयक आणलं. राजकारणी सगळीकडचे सारखेच.

जुलै २०१४ मध्ये त्या गृहनिर्माण सोडून गेल्या तेव्हा तात्पुरत्या निवाऱ्यात मुलं होती साडेसातशेच्या आसपास. २०२५ च्या सुरुवातीला साडेचार हजारांवर. चालू द्या कौतुक.

प्रतिसाद: शॅननकाठ

@तिरकस, कौतुक अर्धंच केलंय, परत वाचा.

आणि तो आकडा एकट्या हॅपच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. २०१० च्या शेवटी देश आयएमएफ आणि युरोपच्या दारात गेला, डिसेंबर २०१३ ला बाहेर आला. त्या काळात कौन्सिलची घरबांधणी जवळपास थांबली होती. राज्यमंत्र्याच्या हातात घरं बांधायला पैसाच नव्हता, तेव्हा खाजगी घरं भाड्याने घेऊन वेळ मारून नेली. माझी तक्रार वेगळी आहे. वेळ मारून नेण्याचा उपाय पुढे कायमचं धोरण झाला, आणि यात त्यांच्यानंतरच्या प्रत्येक मंत्र्याचा वाटा आहे. कोव्हिनी, मर्फी, ओब्रायन, पक्ष बदलत गेले आणि हॅप तिथेच.

प्रतिसाद: घरमालक_नाइलाजाने

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितोय. इथे मालक म्हटलं की लोकांना मोठे फंड दिसतात. मी एका दोन खोल्यांच्या फ्लॅटचा मालक. तेजीत घेतला, मंदीत किंमत कर्जाच्या खाली गेली, विकता येईना, मुलं झाली, मोठं घर भाड्याने घेतलं आणि हा भाड्याने दिला. आमच्यासारखे बरेच आहेत इथे.

माझ्याकडे हॅपचं कुटुंब होतं. चांगली माणसं. एका महिन्यात कौन्सिलचे पैसे आले नाहीत. फोन केला तर म्हणे भाडेकरूचा हिस्सा थकलाय, जास्त माहिती देता येणार नाही, गोपनीयता. बाईला विचारलं तर तिला वाटत होतं की तिचे पैसे पोस्टातून परस्पर कापले जातायत. ते कापणं कधीतरी बंद झालं होतं, कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आता यात चूक कुणाची? पण बँकेचा हप्ता माझा गेला. मिळणाऱ्या भाड्यातला निम्म्याच्या जवळपास भाग करात जातो, हेही लक्षात घ्या.

शेवटी आम्ही दोघं बसलो, तिने थोडे थोडे करून फेडले. पण हे माझ्या आणि तिच्या स्वभावावर झालं, व्यवस्थेमुळे नाही.

प्रतिसाद: लुकनवासी

@घरमालक_नाइलाजाने, +१. भाडेकरू आणि मालक दोघांनाही अंधारात ठेवून कौन्सिल तिसऱ्या खोलीत बसते, हा हॅपचा खरा दोष आहे. पत्र एकाच वेळी दोघांनाही गेलं पाहिजे.

प्रतिसाद: वराडचा_भाचा

धागा मस्त, पण आपला माणूस कुठे राहिला? लिओ वराडकर! वडील अशोक वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ साली लिओ टीशख (पंतप्रधान) झाले तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं. २०१९ च्या डिसेंबरात सहकुटुंब गावी येऊनही गेले. घरभाड्यावर त्यांनी काय केलं ते पण लिहा की!

प्रतिसाद: फिर्यादी

@वराडचा_भाचा, विचारलंत तर ऐका, पण मग सोलकढी घशाखाली उतरणार नाही.

३० ऑक्टोबर २०२२ पासून हिवाळ्यापुरती घरं खाली करण्याला स्थगिती लागली. तेव्हा टीशख मिहॉल मार्टिन होते. डिसेंबरात ठरल्याप्रमाणे वराडकर पुन्हा टीशख झाले आणि स्थगिती ३१ मार्च २०२३ ला संपू द्यायची, असं त्यांच्या सरकारने ठरवलं. विरोधी पक्ष शिन फेनने ती वाढवायचा ठराव आणला, तो ८३ विरुद्ध ६८ असा पडला. सरकारातल्याच ग्रीन पक्षाच्या नीसा हॉरिगन यांनी सरकारविरुद्ध मत दिलं, पक्षाने त्यांना १५ महिन्यांसाठी बाहेर बसवलं. पुढच्या आठवड्यात लेबरने अविश्वास ठराव आणला, तोही पडला.

सरकारचं म्हणणं असं होतं की स्थगिती लांबवली तर छोटे मालक आणखी पळतील आणि भाड्याची घरं आणखी कमी होतील. हा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता, वर घरमालक_नाइलाजाने यांनी लिहिलंय ते बघा. पण एका माणसाचं भाडं म्हणजे दुसऱ्या माणसाचं उत्पन्न, असं वराडकर डॉलमध्ये म्हणाले होते, ते लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि या धाग्याच्या विषयाशी जास्त लागू असलेली गोष्ट अशी की ती हिवाळी स्थगिती थकबाकीवाल्यांना नव्हतीच. मालकाला घर विकायचंय, नातेवाइकाला द्यायचंय, अशा कारणांनी दिलेल्या नोटिसांना ती होती. भाडं थकलं असेल तर भर जानेवारीतही नोटीस लागू. त्या हिवाळ्यात टीव्हीवर जो काही वाद रंगला, त्यात ही कुटुंबं दोन्ही बाजूंच्या हिशेबात नव्हती.

प्रतिसाद: वराडचा_भाचा

😅 बरं. आमच्या गावचं नाव तरी चांगलं ठेवा.

प्रतिसाद: फिर्यादी

गावाला कोण काय म्हणतंय!

कोविडच्या वेळी मात्र थकबाकीवाल्यांचा विचार झाला होता, तेही सांगायला हवं. मार्च २०२० च्या आणीबाणीच्या कायद्याने भाडेवाढ आणि घरं खाली करणं दोन्ही थांबलं. १ ऑगस्टनंतर जो नवा कायदा आला त्यात असं होतं की कोविडमुळे मिळकत गेली आणि भाडं थकलं, तर भाडेकरूने तसं लिहून द्यायचं. मग नोटीस २८ ऐवजी ९० दिवसांची, आणि १० जानेवारी २०२१ च्या आत घर सोडावं लागत नाही. खोटं लिहून दिलं तर गुन्हा. पुढे या मुदती वाढत गेल्या. म्हणजे करायचं ठरवलं की करता येतं.

प्रतिसाद: इतिहासवेडी

सगळे २०१४ आणि २०२३ मध्ये अडकलात. थकलेलं भाडं हा आयरिश संसदीय राजकारणाचा जुना धंदा आहे हो, डॉल जन्मायच्याही आधीचा.

१८७० च्या दशकाच्या शेवटी पिकं बुडाली, कुळांचं भाडं थकलं, जमीनदारांनी घरं मोडायला सुरुवात केली. १८७९ मध्ये मायकल डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, ब्रिटिश संसदेतले आयरिश नेते पार्नेल अध्यक्ष. १८८१ चा जमीन कायदा आला, कोर्टाकडून रास्त भाडं ठरवून घ्यायची सोय झाली, पण ज्यांचं आधीचं थकलंय त्यांना त्या कोर्टाचा उपयोगच नव्हता. म्हणजे सगळ्यात गरीब तेच बाहेर. पार्नेल तुरुंगात गेले, आणि तिथून ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनशी बोलणी झाली ती मुख्यतः याच थकबाकीवर. मे १८८२ मध्ये ते सुटले आणि त्याच वर्षी थकबाकीचा कायदा झाला. ३० पौंडांखालच्या जमिनींच्या कुळांनी एका वर्षाचं भाडं भरायचं, उरलेल्यातलं निम्मं सरकार भरणार, बाकीचं माफ.

शॅननकाठ, तुमच्या लेखात हॅपवाल्यांना कोर्टाची जागा नाही असं वाचलं तेव्हा मला १८८१ चा कायदाच आठवला.

प्रतिसाद: शॅननकाठ

@इतिहासवेडी ताई, क्या बात है. हे लेखात घ्यायला हवं होतं. आता तुम्हीच वेगळा धागा काढा पार्नेलवर, निवांत आणि सविस्तर.

प्रतिसाद: कट्टेकरी

एक बाळबोध प्रश्न. विरोधी बाकावरचा टीडी करतो काय नक्की? प्रश्न विचारतो, मंत्री उत्तर देतो, झालं. त्याने कुणाचं घर वाचलंय का?

प्रतिसाद: शॅननकाठ

थेट नाही वाचत. पण लेखी प्रश्नाला इथे तीन कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि असे प्रश्न वर्षाला हजारोंनी पडतात. अमुक कौन्सिलने थकबाकीपायी किती कुटुंबांना ताकीद दिली, किती कोर्टात नेली, असं विचारलं की बरेचदा छापील उत्तर येतं: हा त्या त्या कौन्सिलच्या रोजच्या कारभाराचा भाग आहे, मंत्र्याचा त्यात हस्तक्षेप नसतो. वाचून डोकं फिरतं. पण दोन-तीन टीडी तोच प्रश्न थोडा फिरवून विचारत राहिले की कधीतरी खात्याला आकडे गोळा करावे लागतात. शिन फेनचे ओन ओब्रून (डब्लिन मिड-वेस्ट) हे काम चिकाटीने करतात. त्यांचं राजकारण पटो न पटो, गृहनिर्माणाचा कागद त्यांनी वाचलेला असतो.

विधेयकाचं दुखणं वेगळं. सरकारी तिजोरीवर भार पडणारं विधेयक असेल तर सरकारच्या संमतीचा निरोप आल्याशिवाय ते समितीच्या टप्प्यावर पुढे सरकत नाही. २०१६ ते २०२० सरकार अल्पमतात होतं, विरोधकांची विधेयकं मतदानात जिंकायची आणि निरोपाची वाट बघत धूळ खात पडायची. हरायचंच नाही, फक्त उत्तर द्यायचं नाही. हा प्रकार मला भारी बेरकी वाटतो.

प्रतिसाद: कट्टेकरी

बेरकी खरंच. आपल्याकडची प्रवर समिती आठवली. (अवांतर, सॉरी.)

प्रतिसाद: सिस्टरताई

मी डब्लिनमधल्या टालाच्या बाजूला राहते, नर्स आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये टाला गार्डा स्टेशनात एक आई सहा मुलांना घेऊन रात्रभर खुर्च्यांवर झोपली, ते फोटो सगळ्यांनी बघितले असतील. त्या रात्री तात्पुरता निवारा मिळाला नाही म्हणून पोलीस ठाण्यात जायला सांगितलेलं. आणि नंतर लोकांनी त्या बाईलाच काय काय बोलून घेतलं! मुलं किती काढली, टॅटू कशाला हवेत. कॅन्टीनमध्ये आपले लोकही बोलत होते, म्हणून लिहिते.

जॅनबाईंचं विधेयक तेव्हा डॉलमध्ये पडून होतं. ते मंजूर असतं तर कौन्सिलला ‘आज जागा नाही’ एवढं म्हणून हात झटकता आले नसते, हे मला पटतं.

वॉर्डात रात्री दोनला एखादी आई घरी सोडा म्हणून घाई करते तेव्हा पूर्वी मला राग यायचा. आता विचारते, कुठल्या घरी? हॉटेलची खोली असेल तर तिथे रात्री हजर नसलं की खोली जाईल अशी तिला धास्ती असते. डिस्चार्जच्या कागदावर पत्ता हॉटेलचा. बाळाच्या दुधाच्या बाटल्या कुठे उकळणार, तर बाथरूममधल्या किटलीत.

प्रतिसाद: तिरकस

हे वाचून माझा तिरकसपणा जरा कमी झाला. तरी प्रश्न राहतोच. कौन्सिलवर सक्ती केली आणि घरंच नसतील, तर कौन्सिल काय जादू करणार?

प्रतिसाद: फिर्यादी

जादू नाही, पण प्राधान्य बदलतं. सक्ती असली की कोर्टात जाता येतं, कोर्टात जाता येतं म्हटल्यावर कौन्सिल आधीच हालचाल करते. आणि सगळ्यात स्वस्त घर म्हणजे ज्यात कुटुंब आधीच राहतंय ते. दोन-तीन हजारांची थकबाकी मिटवून कुटुंब जागेवर ठेवायचं की तेच कुटुंब वर्षभर हॉटेलात ठेवून त्याच्या कितीतरी पट बिल भरायचं, हे गणित थ्रेशोल्ड (भाडेकरूंसाठी) आणि फोकस आयर्लंड (बेघरांसाठी) या संस्था कधीपासून मांडतायत. २०२३ मध्ये स्थगिती उठवताना सरकारनेही भाडेकरूसकट घर विकत घेण्याची योजना वाढवली, त्या वर्षासाठी १,५०० घरांचं लक्ष्य ठेवलं. मालक विकतोय, कौन्सिल घेते, कुटुंब हलतच नाही. थकबाकीवाल्यांसाठी असाच विचार का नाही?

प्रतिसाद: घरमालक_नाइलाजाने

याला माझाही पाठिंबा. मला माझे पैसे हवेत, तिचं घर नको.

प्रतिसाद: नवखा_डब्लिनकर

इतके दिवस फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. कंपनीने कपात केली, बायको अजून नोकरी शोधतेय, मुलगी पाच वर्षांची. मागच्या महिन्याचं भाडं अर्धंच भरलं. काल मालकाचं पत्र आलं, १४ दिवसांत पूर्ण भरा नाहीतर घर खाली करा. हॅप वगैरे काही नाही, साधा खाजगी भाडेकरार. १४ दिवसांनी खरंच बाहेर काढू शकतात का? घरी भारतात कुणाला सांगितलेलं नाही.

प्रतिसाद: फिर्यादी

नाही काढू शकत. नीट वाचा.

१४ दिवसांची ताकीद ही जुनी पद्धत, ऑगस्ट २०२० पासून ती २८ दिवसांची आहे. ताकीद लेखी हवी आणि तिची प्रत आरटीबीला, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी मंडळाला, गेलीच पाहिजे. तुम्हाला आणि आरटीबीला मिळाल्याच्या तारखांपैकी जी नंतरची, तिथून २८ दिवस मोजायचे. त्या २८ दिवसांत पूर्ण भरलंत तर विषय संपला. नाही भरलंत तरच मालक घर सोडायची नोटीस देऊ शकतो, ती आणखी २८ दिवसांची, तिचीही प्रत त्याच दिवशी आरटीबीला. तुम्हाला आक्षेप असेल तर आरटीबीकडे तक्रार करता येते, मध्यस्थी फुकट आहे. आणि एवढं होऊनही स्वतः कुलूप बदलून किंवा सामान बाहेर टाकून मालक तुम्हाला काढू शकत नाही.

आता करायचं काय. मॅब्सला फोन करा, सरकारी पैशावर चालणारी कर्ज-सल्ल्याची सेवा आहे, १९९२ पासून, एक पैसा घेत नाहीत. ते तुमच्याबरोबर बसून मिळकत-खर्चाचा तक्ता करतील आणि हप्त्यांचा प्रस्ताव मालकाला लिहून देतील. थ्रेशोल्डला पण फोन करा, पत्र वैध आहे का ते तेच सांगतील.

प्रतिसाद: सिस्टरताई

@नवखा_डब्लिनकर दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लाजू नका. रेशनपाण्याचं काही लागलं तरी कळवा, आम्ही तीन-चार घरं आहोत जवळ.

प्रतिसाद: नवखा_डब्लिनकर

मनापासून आभार सगळ्यांचे. पत्र पुन्हा काढून बघितलं. आरटीबीचा त्यात कुठे उल्लेखच नाही. मालक तसा वाईट माणूस नाही, तो म्हणाला होता उरलेलं रोख दिलंस तरी चालेल. नातेवाइकाकडून थोडे मिळाले आहेत, आज संध्याकाळी नेऊन देऊ का?

प्रतिसाद: फिर्यादी

रोख देऊ नका. जेवढे असतील तेवढे बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा, उद्या आरटीबीसमोर तोच पुरावा. आणि मालकाला आजच एक ईमेल टाका: नोकरी गेल्याची तारीख, आत्ता किती भरलं, उरलेलं कधीपर्यंत भरणार आणि मॅब्सशी बोलतोय, एवढंच. माफी, विनवणी काही नको. मसुदा व्यनित पाठवा, मी बघून देतो.

प्रतिसाद: घरमालक_नाइलाजाने

मालक म्हणून सांगतो, असा ईमेल आला तर मी नोटिशीचा विचार बाजूला ठेवीन. गप्प बसणारा भाडेकरू जास्त घाबरवतो. आणि त्याला २८ दिवसांचा नियम माहीत नसण्याचीही शक्यता आहे, मला पण तो आरटीबीच्या साइटवर वाचूनच कळला होता. लिंक पाठवा त्याला.